हनोईत पायी एक दिवस: शहराच्या घड्याळाप्रमाणे चाला

हनोईत पहिल्यांदा रस्ता ओलांडताना माझी मान सवयीने उजवीकडे वळली आणि स्कूटर डावीकडून आली. व्हिएतनाममध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. म्हणजे तुम्ही रस्त्यात पाय टाकता तेव्हा पहिली गाडी डावीकडून येते, आपल्या जन्मभराच्या सवयीच्या बरोबर उलट. म्हणून पहिली सूचना हीच, की हॉटेलच्या दारातून बाहेर पडताना "आधी डावीकडे" असं मनाशी घोकायचं. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघा, कारण गर्दीच्या वेळी स्कूटर उलट्या दिशेनेही येतात आणि फुटपाथवरही चढतात.

पहिल्यांदाच हनोईला जाणाऱ्यांसाठी एका दिवसाची पायपीट इथे मांडतो आहे. होआन किएम तळं, त्याच्या उत्तरेची जुनी पेठ, दुपारी साहित्य मंदिर आणि संध्याकाळी लाल नदीवरचा लाँग बिएन पूल. इकडेतिकडे भटकणं धरून दहा-बारा किलोमीटर सहज होतात. हो ची मिन्ह यांची समाधी मी या दिवसात मुद्दाम घेतलेली नाही. ती फक्त सकाळी उघडी असते, सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, रांग लांब असते, शिवाय वर्षातले काही आठवडे देखभालीसाठी पूर्ण बंद असते. तिच्यासाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ ठेवा आणि जवळचा एकखांबी पॅगोडाही तेव्हाच बघा. सगळं एकाच दिवसात कोंबलं तर जुन्या पेठेची सकाळ हातची जाते, आणि हनोईत बघण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं त्या सकाळीच दिसतं.

आदल्या रात्रीची तयारी

पैशांकडे नीट लक्ष द्या. हजार डाँग म्हणजे आपले तीन-साडेतीन रुपये, त्यामुळे शून्यं मोजताना गोंधळ होतो. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा असल्याने चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. २०,००० ची नोटही निळी आणि ५,००,००० चीही निळी. घाईत एकीऐवजी दुसरी दिली तर पंचवीस पट पैसे जातात. मी पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवतो आणि दिवसाच्या खर्चासाठी दहा, वीस आणि पन्नास हजारांच्या नोटा खिशात. टपरीवर पाच लाखांची मोड मिळणं अवघड असतं, तेही एक कारण.

बूट वापरून मऊ झालेले घ्या. चप्पल नको, कारण फुटपाथच्या फरशा उचकटलेल्या असतात आणि भांडी धुतलेलं पाणी रस्त्याच्या कडेने वाहत असतं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, देवळांत अडचण येत नाही. मे ते ऑगस्ट दमट उकाडा आणि पावसाच्या सरी, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसभर झिरमिर. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर लागतो, ही गोष्ट आपल्याकडून जाणाऱ्यांना खरी वाटत नाही. चालण्यासाठी सर्वांत छान ऑक्टोबर-नोव्हेंबर. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घ्या, ग्रॅब हे टॅक्सीचं ॲप टाका आणि हॉटेलच्या पाटीचा पत्त्यासकट फोटो काढून ठेवा.

पहाटे साडेपाच: तळ्याकाठी

हनोई लवकर उठतं आणि तुम्हीही त्याच्याबरोबर उठा. उजाडण्याआधीच होआन किएम तळ्याभोवती लोक जमलेले असतात. कुणी ताई-ची करतंय, कुणी स्पीकर लावून एरोबिक्स, आजीबाईंचे गट एकमेकींच्या पाठीवर थापट्या मारत गोल उभे. तळ्याला पूर्ण फेरी मारली तर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास होते. ही फेरी आधी मारा. रस्ता ओलांडावा लागत नाही, त्यामुळे शहराची चाल नुसती बघून समजून घेता येते.

होआन किएम म्हणजे 'परत केलेली तलवार'. पंधराव्या शतकात ले लोइ या नेत्याने चीनच्या मिंग सैन्याला हुसकावून लावलं आणि १४२८ मध्ये तो राजा झाला. दंतकथा अशी की त्याला देवाकडून तलवार मिळाली होती. पुढे तो या तळ्यात नावेतून जात असताना एक सोनेरी कासव वर आलं, त्याने तलवार परत मागितली आणि राजाने ती दिली. तळ्याच्या मधोमध दिसणारा छोटा मनोरा म्हणजे कासव मनोरा. कासवंही खरीच होती, अजस्र, मऊ पाठीची. इथलं शेवटचं कासव २०१६ च्या जानेवारीत मेलं तेव्हा शहर हळहळलं होतं. उत्तरेच्या बाजूला लाल रंगाचा थे हुक लाकडी पूल ओलांडून न्गोक सन मंदिरात गेलात तर काचेच्या पेटीत जतन केलेली कासवं बघायला मिळतात. त्यांच्या आकाराचा अंदाज समोर उभं राहिल्याशिवाय येत नाही. हे मंदिर ज्यांना वाहिलं आहे त्यांत तेराव्या शतकात मंगोलांना हरवणारा सेनापती चान हुंग दाओ आहे. मंदिर उघडायला थोडा वेळ असतो, म्हणून आधी फेरी आणि मग पूल.

रस्ता ओलांडणं: हे मात्र नीट शिका

तळ्याच्या उत्तर टोकाला कारंज्याचा मोठा चौक आहे. पाच-सहा रस्ते एकत्र येतात आणि स्कूटरचा लोंढा थांबत नाही. इथे शिकलात तर दिवसभर भीती वाटणार नाही.

रिकाम्या रस्त्याची वाट बघू नका, तो रिकामा होत नाही. जवळपास मोटार किंवा बस नाही ना एवढं बघा. ती मोठी वाहनं तुम्हाला वळसा घालत नाहीत, त्यांना जाऊ द्यायचं. समोर फक्त स्कूटर असल्या की पाऊल टाका आणि एकसारख्या, संथ चालीने चालत राहा. पळायचं नाही, मध्येच थबकायचं नाही आणि एक पाऊलसुद्धा मागे घ्यायचं नाही. स्कूटरवाल्याने लांबूनच तुमच्या चालीचा हिशोब केलेला असतो. पुढच्या दोन सेकंदांत तुम्ही कुठे असाल ते धरून तो तुमच्या पुढून किंवा मागून जातो. तुम्ही दचकून थांबलात की त्याचा हिशोब चुकतो आणि धडक तेव्हाच होते.

मला हे शब्दांत कुणी सांगितलं नाही. भाजीची टोपली घेतलेली एक आजी माझ्या शेजारी फुटपाथवर उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, तळहात खाली करून "हळू" अशी खूण केली आणि रस्त्यात उतरली. मी तिच्या सावलीसारखा बाजूने चाललो. स्कूटर आमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारख्या वाहत होत्या आणि तिने एकदाही मान वळवली नाही. पलीकडे पोचल्यावर मी "काम अन", म्हणजे धन्यवाद, म्हणालो. ती हसली आणि विचारलं, "आन दो?" आन दो म्हणजे भारत. हा शब्द दिवसभरात तुमच्या कानांवर अनेकदा पडेल. सुरुवातीला तुम्हीही असाच एखादा स्थानिक माणूस गाठा आणि त्याच्या बाजूने चाला. त्याला त्याचं काही वाटत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून तिथे सिग्नल तोडण्याचा दंड खूप वाढला आहे. त्यामुळे मोठ्या चौकांत लाल दिव्याला गाड्या आता बऱ्याच थांबतात. सिग्नल नसलेल्या पट्ट्यांवर मात्र वरचीच रीत चालते.

सकाळी सात: न्याहारी

हनोईची न्याहारी रस्त्यावर, वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होते. फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप. त्याचा उच्चार 'फ' आणि 'फो' यांच्या मधला आहे. पाटीवर 'बो' असेल तर गोमांस, 'गा' असेल तर कोंबडी. एवढे दोन शब्द पाठ असले की जे खायचं नाही ते चुकून ताटात येत नाही.

शाकाहारी माणसाने घाबरून जायचं कारण नाही, पण शब्द माहीत हवेत. रोमन लिपीत सी-एच-ए-वाय अशी पाटी दिसली तर तो चहा नव्हे. 'चाय' म्हणजे शाकाहारी! बौद्ध परंपरेतला हा शब्द आहे आणि अशा खानावळीत मांस-मासे नसतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेला, पुष्कळ व्हिएतनामी लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी असे पदार्थ जास्त मिळतात. "तोय आन चाय" म्हणजे मी शाकाहारी आहे. पण व्हिएतनामी भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून हे वाक्य फोनमध्ये त्यांच्या लिपीत लिहून दाखवा. साध्या खानावळीत फक्त "मांस नको" सांगून भागत नाही. शेवयांचं पाणी हाडांचं असतं आणि चटणीत न्वुक माम, म्हणजे माशांपासून केलेलं पातळ सॉस, घातलेलं असतं. ज्यांना हे अजिबात चालत नाही त्यांनी चाय खानावळच शोधावी.

सोय सेओ हा पदार्थ बघाच, खाल्ला नाही तरी. टोपलीत हळदीने पिवळा झालेला चिकट भात दुलईसारखं कापड पांघरून गरम ठेवलेला असतो. विकणारी बाई एका हातात शिजवून घट्ट दाबलेल्या मुगाच्या डाळीचा गोळा घेते आणि सुरीने त्याचे पातळ काप सरसर भातावर पाडते. वर तळलेला कुरकुरीत कांदा, मग केळीच्या पानात पुडी. हळद, मूग, कांदा, केळीचं पान, सगळं आपल्या घरातलंच. वरून जे तेल सोडतात ते बऱ्याचदा चरबीचं असतं, तेवढं नको म्हणून खुणेने सांगा.

आठ ते अकरा: जुनी पेठ

तळ्याच्या उत्तरेला ३६ गल्ल्यांची म्हणून ओळखली जाणारी पेठ आहे. राजा ली थाय तो याने १०१० मध्ये राजधानी इथे आणली आणि तिला थांग लाँग नाव दिलं. राजधानीला माल पुरवणारे कारागीर आपापल्या गावातून येऊन एकेका गल्लीत वसले. गल्लीच्या नावात 'हांग' म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग मा कागदाच्या वस्तूंची, हांग क्वात पंख्यांची, हांग बुओम शिडांची. शिडं आता कुणी विकत नाही, नाव राहिलं. हांग गाय म्हणजे तागाची गल्ली, पण आज तिथे रेशमाची दुकानं आहेत.

इथे नकाशा खिशात ठेवा. माझा क्रम असा: हांग गायवरून पश्चिमेकडे, मग हांग क्वातमधून हांग थिएककडे, तिथून लान ओंग, मग हांग मा आणि डोंग स्वान बाजार. हांग थिएक ही पत्र्याची गल्ली. ती दिसण्याआधी ऐकू येते, तांबट आळीसारखीच ठकठक. कारागीर फुटपाथवर बसून धुराडी, टाक्या, डबे ठोकत असतात. ठिणग्या उडतात, म्हणून थोडं लांबून चाला आणि फोटो काढण्याआधी नजरेने विचारा. लान ओंगवर एकदम वास बदलतो. ही झाडपाल्याच्या औषधांची गल्ली आहे. दालचिनी, वाळलेली मुळं, मशरूम पोत्यांत उघडी ठेवलेली. हांग मावर कागदी घरं, कागदी मोटारी, कागदी नोटा विकायला असतात, त्या पितरांसाठी जाळायच्या. जवळच हांग लुओकवर अल नूर मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातून व्यापारासाठी इथे आलेल्या लोकांनी ती बांधली. इतक्या लांब आपल्याकडचे व्यापारी स्थिरावले होते हे तिच्या दारात उभं राहून कळतं, म्हणून दोन मिनिटं तिथे थांबतोच.

घरं अरुंद आणि खोल दिसतील, समोरून तीन-चार मीटर आणि आत लांबच लांब. त्यांना नळीघरं म्हणतात. मा मय गल्लीतलं ८७ क्रमांकाचं घर दुरुस्त करून लोकांना बघण्यासाठी खुलं ठेवलं आहे. तिकीट अगदी थोडं. पुढे दुकान, मग उघडा चौक, मागे स्वयंपाकघर, वर पूर्वजांचा देव्हारा. बाहेर एवढा गोंगाट असताना त्या चौकात आवाज येत नाही आणि वरून उजेड सरळ खाली पडतो. वाड्यात वाढलेल्या माणसाला तो चौक ओळखीचा वाटेल.

आता सावधगिरी. फळांची कावड घेतलेल्या बायका कावड तुमच्या खांद्यावर ठेवून फोटो काढायला लावतात आणि मग पैसे मागतात. हसून हात जोडा आणि पुढे चला. दुसरा प्रकार बुटांचा. माझ्या बुटाचा तळ जरासा सुटला होता. एकाने वाकून बोटाने दाखवलं आणि मी काही म्हणायच्या आत गोंद लावून सुई घातलीसुद्धा. मग सांगितलेली किंमत जेवणाच्या पाचपट होती. कुणी बुटाकडे बोट दाखवलं तर पाय मागे घ्या आणि "खोंग", म्हणजे नाही, एवढंच बोला. एरवी मोठ्या चोरीमारीची भीती इथे फारशी वाटत नाही. फोन मात्र रस्त्याच्या बाजूच्या हातात धरू नका, स्कूटरवरून हिसकावून नेण्याचे प्रकार होतात.

बाराच्या सुमारास: बसा

बारा ते दीड-दोन शहर विसावतं. दुकानदार मागे आडवे होतात, स्कूटर-टॅक्सीवाले सीटवर पाठ टेकून, पाय हँडलवर टाकून झोपतात. तुम्हीही बसा. मांसाहारी असाल तर बुन चा, कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस आणि शेवया, हे हनोईचं दुपारचं जेवण. शाकाहारींनी चाय खानावळ गाठावी आणि नंतर 'तो तिच' नावाच्या गल्लीत काचेच्या पेल्यात मिळणारी कापलेली फळं, आटवलेलं गोड दूध आणि बर्फ.

मग अंड्याची कॉफी. १९४६ मध्ये दुधाची टंचाई असताना न्गुयेन वान ज़ांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या नावाचा कॅफे न्गुयेन हू हुआन रस्त्यावर ३९ क्रमांकाला आहे. दार म्हणजे एक अरुंद बोळ, तो सहज चुकतो. पेला गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. आधी वरचा पिवळा फेस चमच्याने खायचा, मग ढवळायचं. अंडं न खाणाऱ्यांसाठी नारळाच्या दुधाची थंडगार कॉफी शहरात पुष्कळ ठिकाणी मिळते, कोकणातल्या माणसाला ती आवडेलच.

दुपारी अडीच: साहित्य मंदिर

इथवर दोन किलोमीटर चाल आहे. उन्हाळा असेल तर ग्रॅब करा, त्यात कमीपणा नाही. पायी गेलात तर वाटेत सेंट जोसेफ चर्च आणि फ्रेंचांनी बांधलेला ह्वा लो तुरुंग लागतो. तुरुंग बघायचा तर दीड तास वेगळा काढावा लागतो. मी तो समाधीच्या दिवशी ठेवतो.

वान म्यू, म्हणजे साहित्य मंदिर, १०७० मध्ये कन्फ्यूशियससाठी बांधलं गेलं. सहा वर्षांनी तिथे राजपुत्र आणि अधिकारी घडवणारी शाळा सुरू झाली. पाच चौक एकामागून एक आहेत आणि प्रत्येक दारातून आत गेल्यावर रस्त्याचा आवाज एक पायरी खाली उतरतो. मधला सुरेख लाकडी मंडप ओळखीचा वाटेल. खिशातली एक लाखाची हिरवी नोट उलटून बघा, तोच मंडप त्यावर छापलेला आहे. नोट हातात धरून त्याच्याशी ताडून बघणारी मुलं तिथे नेहमी दिसतात.

खरा ठेवा तिसऱ्या चौकात आहे. दगडी कासवांच्या पाठीवर उभ्या ८२ शिळा. १४४२ ते १७७९ या काळातल्या राजदरबारी परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं आणि गावं त्यांवर कोरलेली आहेत. परीक्षेआधी मुलं येऊन कासवांच्या डोक्यावर हात फिरवायची, डोकी झिजून गुळगुळीत झाली, म्हणून आता कठडा लावला आहे. हात लावू नका. आत चू वान आन या गुरूंची मूर्ती आहे. चौदाव्या शतकातल्या या शिक्षकाने सात भ्रष्ट दरबाऱ्यांना देहदंड द्या असा अर्ज राजाकडे केला, राजाने ऐकलं नाही तेव्हा पद सोडून ते गावी शिकवायला गेले. मला या जागेत सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते त्यांच्यासमोर. पाचच्या सुमारास दारं बंद होतात, तेव्हा साडेतीननंतर पोचू नका.

संध्याकाळ: लाँग बिएन पूल

सूर्यास्ताच्या तासभर आधी जुन्या पेठेच्या ईशान्येला या. ओ क्वान चुओंग हा जुन्या तटबंदीचा दरवाजा ओलांडला की पूल जवळच. लाँग बिएन स्टेशनच्या बाजूने वर चढता येतं. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी हा पूल पुरा केला. लांबी सुमारे १.७ किलोमीटर. अमेरिकी विमानांनी १९६७ आणि १९७२ मध्ये तो तोडला, लोकांनी पुन्हा जोडला. जुन्या नक्षीदार कमानींच्या मध्ये नंतरचे साधे सरळ तुकडे दिसतात, ती बॉम्बची खूण. मधून अजून रेल्वे जाते आणि कडेने स्कूटर-सायकली. गंमत म्हणजे या पुलावर वाहनं आपल्यासारखी डावीकडून चालतात, सकाळपासून वळवलेली मान पुन्हा उलटी वळवावी लागते.

चालायची पट्टी अरुंद आहे, सिमेंटच्या लाद्या काही ठिकाणी हलतात आणि फटींतून खाली नदी दिसते. लहान मुलांचा हात सोडू नका. सगळा पूल ओलांडायची गरज नाही. नदीतल्या बेटावरच्या केळीच्या बागा खाली दिसू लागल्या की थांबा आणि मागे वळून शहराकडे बघा, सूर्य त्या बाजूला मावळतो. गाडी आली की पायाखालचं लोखंड थरथरतं. अंधार पडण्याआधी खाली उतरा.

रात्री

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र तळ्याभोवतीचे रस्ते वाहनांसाठी बंद असतात, त्यामुळे शक्यतो शुक्रवार किंवा शनिवार निवडा. डिन्ह तिएन होआंग रस्त्यावर पाण्यातल्या बाहुल्यांचा खेळ असतो, पाऊण-एक तासाचा. तिकीट दिवसा आधीच काढून ठेवा, संध्याकाळी मिळेलच असं नाही. भाषा कळत नाही, पण अडत नाही. तलवार परत मागणारं कासव तिथेही पाण्यातून वर येतं. बिअर पिणाऱ्यांसाठी ता हिएन गल्ली आहे. मला ती फार गजबजलेली वाटते.

त्यापेक्षा तळ्याच्या दक्षिणेला चांग तिएन रस्त्यावर १९५८ पासून चालणारं आइस्क्रीमचं दुकान गाठा आणि 'कोम' मागा. कोम म्हणजे कोवळ्या हिरव्या चिकट तांदळाचे चेपलेले दाणे, हुरडा आणि पोहे यांच्या मधलं काहीतरी. शरद ऋतूत गेलात तर सायकलवरून विकणाऱ्या बाईकडे ताजा कोमही मिळेल, कमळाच्या पानात बांधलेला. चिमूटभर तोंडात टाका आणि सावकाश चावा. परतताना दमला असाल तर हॉटेलच्या पाटीचा फोटो ड्रायव्हरला दाखवा, आणि गाडीतून उतरताना रस्त्याच्या नव्हे, फुटपाथच्या बाजूचं दार उघडा.